एका हाताचे मेजर आणि कोलोरॅडो नदी : जॉन वेस्ली पॉवेल यांची जीवनकहाणी



वार्षिक परीक्षा संपत आल्या की आमच्या पालकांच्या ग्रुपवर उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती फिरायला लागतात. तंबूतला मुक्काम, शेकोटी, नदीत डुंबणं, राफ्टिंग. मुलं घरी हट्ट धरतात आणि मग आई-बाबा मला विचारतात, की मॅडम, पाठवावं का. यावर मी पटकन हो किंवा नाही म्हणत नाही. त्याला एक कारण आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही चौथीच्या मुलांना वनभोजनाला नदीकाठी घेऊन गेलो होतो. पाणी संथ दिसत होतं. जेवणाची पानं मांडायची गडबड चालली होती. तेवढ्यात एका मुलाची चप्पल पाण्यात पडून वाहत निघाली आणि तो तिच्यामागे आत शिरला. मी वळून बघितलं तेव्हा तो कमरेएवढ्या पाण्यात होता. आमच्या सोबत आलेल्या एका काकांनी झाडाची लांब फांदी पुढे केली, ती धरून तो बाहेर आला. चप्पल गेली, मूल वाचलं. पण त्या दिवशी मला कळलं, की मुलांची मोजणी मी फक्त बसमध्ये चढताना आणि उतरताना केली होती. नदीवर ती कुणीच केली नव्हती. पाण्यात कुठपर्यंत जायचं हेही आम्ही मुलांना सांगितलेलं नव्हतं.

त्यानंतर नदीबद्दल वाचताना मला एक माणूस भेटला. तो शिक्षक होता, त्याला एकच हात होता, आणि त्यानं जगातल्या सर्वात अवघड नद्यांपैकी एक नदी लाकडी नावांतून पार केली. त्यांची गोष्ट मी आता दरवर्षी सुट्टी लागायच्या आधी वर्गात सांगते. आज तुमच्यासाठी लिहिते आहे.

जन्म आणि बालपण

जॉन वेस्ली पॉवेल यांचा जन्म २४ मार्च १८३४ रोजी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात माउंट मॉरिस या गावी झाला. वडील इंग्लंडहून आलेले धर्मोपदेशक. घरी सगळे त्याला वेस म्हणायचे. वेस लहान असतानाच हे कुटुंब ओहायो राज्यातल्या जॅक्सन या गावी राहायला गेलं.

तो काळ गुलामगिरीचा होता. वेसच्या वडिलांचा गुलामगिरीला कडक विरोध होता आणि ते तो उघडपणे बोलून दाखवत. गावातल्या बऱ्याच लोकांना ते खपत नसे. त्याचा राग शाळेतली मुलं वेसवर काढायची. त्याला मारहाण व्हायची, दगड मारले जायचे. शेवटी त्याची शाळा सुटली.

अशा वेळी जॉर्ज क्रुकहॅम नावाचे एक शेजारी पुढे आले. ते शेतकरी होते, पण स्वतःच्या आवडीनं निसर्गाचा अभ्यास करायचे. त्यांनी वेसला शिकवायला घेतलं. शिकवणं म्हणजे काय, तर रानात घेऊन जायचं, दगड, झाडं, किडे दाखवायचे आणि त्यांची नावं विचारायची. शाळेनं गमावलेलं मूल एका शेजाऱ्यानं सांभाळलं. आपल्या गावातही असे क्रुकहॅम काका असतात, फक्त आपण त्यांना शाळेत बोलावत नाही.

पुढे कुटुंब विस्कॉन्सिनला आणि नंतर इलिनॉयला गेलं. बारा वर्षांच्या वेसवर शेताचा बराच भार पडला. तरी पुस्तकं सुटली नाहीत. अठराव्या वर्षी ते खेड्यातल्या शाळेत शिकवायला लागले. मधूनमधून कॉलेजात जायचे, पैसे संपले की पुन्हा शिकवायचे. पदवी मात्र कधीच पूर्ण झाली नाही.

नदीची शाळा

तरुण पॉवेल यांना नदीचं वेड लागलं. १८५६ मध्ये त्यांनी मिनेसोटातल्या सेंट अँथनी धबधब्यापासून थेट समुद्रापर्यंत मिसिसिपी नदीतून छोट्या नावेतून प्रवास केला. पुढच्या वर्षी ओहायो नदी, त्याच्या पुढच्या वर्षी इलिनॉय आणि दे मॉइन नदी. वाटेत शंख-शिंपले गोळा करायचे, काठाचे खडक बघायचे, वह्या भरायच्या.

इथे मी वर्गात थांबते आणि मुलांना विचारते, की यातून ते काय शिकले असतील? उत्तरं छान येतात. खरी गोष्ट अशी, की पुढे ज्या नदीनं त्यांची परीक्षा घेतली तिच्याकडे ते एकदम गेले नाहीत. आधी मोठ्या पण शांत नद्यांवर हात बसवला. पोहायला शिकणारं मूल पहिल्या दिवशी डोहात उतरत नाही, तसंच हे.

हात गेला

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. पॉवेल गुलामगिरीच्या विरोधात लढणाऱ्या सैन्यात दाखल झाले. त्याच वर्षी त्यांचं एमा डीन यांच्याशी लग्न झालं. ६ एप्रिल १८६२ रोजी शायलोच्या लढाईत तोफा डागण्याचा इशारा देण्यासाठी त्यांनी उजवा हात वर केला आणि नेमकी त्याच हाताला गोळी लागली. हात कोपराखाली कापावा लागला.

दुसरा कुणी घरी बसला असता. पॉवेल बरे होऊन पुन्हा सैन्यात गेले आणि मेजर झाले. जखमेनं त्यांना पुढे आयुष्यभर त्रास दिला, पण त्याचं भांडवल त्यांनी कधी केलं नाही.

युद्धानंतर ते इलिनॉयमध्ये भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक झाले. शिक्षक तयार करणाऱ्या, म्हणजे आपल्या डी.एड. कॉलेजसारख्या संस्थेतही त्यांनी शिकवलं. खडक शिकवायचे तर खडकापाशीच जायला हवं, असं त्यांचं मत होतं. म्हणून १८६७ च्या उन्हाळ्यात ते विद्यार्थ्यांना घेऊन रॉकी पर्वतात गेले. सोबत एमाही होत्या. शैक्षणिक सहल हा शब्द आपण आज सहज वापरतो. त्या काळी एवढ्या लांबची अशी सहल ही नवलाची गोष्ट होती.

त्या डोंगरांतच त्यांना कोलोरॅडो नदीनं खुणावलं. त्या काळच्या नकाशावर या नदीच्या मोठ्या भागाच्या जागी कोरा कागद होता. नदी हजारो फूट खोल दऱ्यांतून वाहते, आत मोठे धबधबे असतील, ती जमिनीखाली गडप होत असेल, अशा नाना अफवा होत्या.

१८६९ : तयारी

पॉवेल यांनी शिकागोत चार नावा बांधून घेतल्या. तीन ओक लाकडाच्या, प्रत्येकी २१ फूट लांब. चौथी पाइन लाकडाची, १६ फुटांची, हलकी. तिचं नाव त्यांनी पत्नीच्या नावावरून ‘एमा डीन’ ठेवलं. प्रत्येक नावेच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला पाणी शिरणार नाही असे बंद कप्पे होते, म्हणजे नाव उलटली तरी ती तरंगत राहावी.

नियमही ठरवले होते. हलकी ‘एमा डीन’ पुढे जाणार. पुढे खळाळ आहे असा आवाज आला की पॉवेल उभे राहून नजर टाकणार. धोका वाटला तर निशाण दाखवून मागच्या नावांना काठाला लागायची खूण करणार. मग काठावर उतरून, खडकांवरून चालत जाऊन तो खळाळ आधी डोळ्यांनी बघायचा. सोपा असेल तर वल्हवत जायचं. अवघड असेल तर नावेला दोर बांधून ती काठाकाठानं हळूहळू खाली सोडायची. तेही जमत नसेल तर सामान आणि नाव खांद्यावर घेऊन खडकांवरून पलीकडे न्यायची. यात तासन् तास जायचे, अंग मोडून यायचं, माणसं कुरकुर करायची. पण पॉवेल सहसा ऐकायचे नाहीत.

दहा महिन्यांचा शिधा घेतला होता. तो तिन्ही मोठ्या नावांत वाटून ठेवला, म्हणजे एक नाव गेली तरी उपासमार होऊ नये. २४ मे १८६९ रोजी वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर या गावाहून पॉवेल धरून दहा जण निघाले.

एक चुकलेली खूण

प्रवासाला दोन आठवडे झाले होते. लोडोर नावाच्या दरीत मोठा खळाळ आला. पॉवेल यांनी नेहमीप्रमाणे नाव काठाला लावली आणि मागच्यांना खूण केली. दोन नावा थांबल्या. ‘नो नेम’ नावाची तिसरी नाव मात्र वेळेत काठाला लागली नाही. पाण्यानं तिला ओढलं. ती खडकावर आपटली, पुढे वाहत गेली आणि दुसऱ्या खडकावर आपटून तिचे दोन तुकडे झाले.

नावेत तिघे होते. ओरामेल हाउलँड, त्यांचा भाऊ सेनेका आणि फ्रँक गुडमन. दोघं भाऊ नदीच्या मधल्या बेटापर्यंत पोहोचले. गुडमन प्रवाहात एका खडकाला धरून होते. ओरामेल यांनी काय केलं? त्यांनी पाण्यात उडी टाकली नाही. एक लांब काठी शोधली, ती पुढे केली आणि गुडमन यांना ओढून घेतलं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या वनभोजनातली ती फांदी आठवली. बुडणाऱ्याला वाचवायला उडी टाकणारा स्वतःच बुडतो, अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. काठी, दोर, ओढणी, जे हाताशी येईल ते पुढे करायचं. हे मुलांना पाठ असायला हवं.

मग जॅक सम्नर यांनी ‘एमा डीन’ नेऊन तिघांना बेटावरून आणलं. माणसं वाचली. नाव, कपडे आणि शिध्याचा मोठा हिस्सा गेला. त्या खळाळाला नाव पडलं डिझास्टर फॉल्स, म्हणजे संकटाचा धबधबा.

अजून एक गोष्ट लक्षात आली. उंची मोजायला लागणारे सगळे वायुदाबमापक त्याच एका नावेत होते. बाकी सामान विचारपूर्वक वाटलं, पण हे वाटायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी नावेच्या अडकलेल्या तुकड्यातून ते सुदैवानं परत मिळाले. विशेष म्हणजे पॉवेल यांनी आपल्या पुस्तकात ही वाटपातली चूक लपवली नाही, लिहून ठेवली.

थोड्याच दिवसांत मुक्कामावर आग लागली. जेवणाच्या विस्तवावर वाऱ्याचा झोत आला आणि ठिणग्या वाळक्या झुडपांत गेल्या. माणसं जीव घेऊन नावांत पळाली. कुणाचे कपडे जळले, कुणाच्या दाढ्या. स्वयंपाकाची भांडी नदीत गेली. तेव्हा पालकहो, शिबिरात नदीइतकीच शेकोटीही सांभाळायची असते.

घरी वाट बघणारे

जूनच्या अखेरीस ते युंटा नदीच्या मुखापाशी आले. तिथून जवळच्या सरकारी ठाण्यावर जाऊन पॉवेल यांनी घरी पत्रं पाठवली. गुडमन यांनी आता पुरे म्हणून इथेच निरोप घेतला.

त्याच सुमारास एका भामट्यानं वर्तमानपत्रांना सांगितलं, की पॉवेल आणि त्यांची सगळी माणसं बुडाली, मी एकटा वाचलो. बातमी देशभर छापून आली. एमा पॉवेल यांनी मात्र ती खोटी असल्याचं ठामपणे सांगितलं. पतीबरोबर कोण कोण गेलं आहे हे त्यांना माहीत होतं आणि हा माणूस त्यांत नव्हता. मूल शिबिराला जातं तेव्हा सोबत कोण आहे, मुक्काम कुठे आहे, फोन कधी येणार, हे घरच्यांना माहीत असणं किती गरजेचं आहे ते इथे दिसतं.

नदीच्या तळाशी

ऑगस्टमध्ये ते ग्रँड कॅन्यनमध्ये शिरले. दोन्ही बाजूंना आकाशाला भिडलेले कडे. बऱ्याच ठिकाणी उतरायला काठच नाही, म्हणजे खळाळ आधी बघायचा नियमही पाळता येईना. अन्न संपत आलं होतं. पीठ भिजून खराब झालेलं, ते मच्छरदाणीतून चाळून खायचे. मांस टाकून द्यायची वेळ आली. उरले थोडे वाळवलेले सफरचंदाचे काप आणि कॉफी.

२७ ऑगस्टला असा एक खळाळ समोर आला, की बघूनच सगळ्यांचा धीर सुटला. त्या रात्री ओरामेल हाउलँड पॉवेल यांच्याकडे आले. नदी सोडून आपण डोंगर चढून बाहेर पडावं असं त्यांचं म्हणणं होतं. पॉवेल यांनी रात्री हिशेब मांडून बघितला. वस्ती फार लांब नसावी असं त्यांना वाटलं, पण खात्री कशी देणार? रात्रभर ते वाळूत येरझारा घालत राहिले.

सकाळी हाउलँड बंधू आणि विल्यम डन हे तिघे वेगळे झाले. भांडण झालं नाही. निरोप घेताना डोळे ओले होते. त्यांना बंदुका दिल्या, नोंदींची एक प्रत दिली. माणसं कमी झाली म्हणून ‘एमा डीन’ तिथेच काठावर सोडली. उरलेले सहा जण दोन नावांतून खळाळात उतरले आणि सुखरूप पार झाले. खाली थांबून त्यांनी बंदुकीचे बार काढले, की ते तिघे ऐकतील आणि मागून येतील. कुणी आलं नाही.

पुढच्याच दिवशी सहा जण दरीतून बाहेर पडले. ३० ऑगस्टला व्हर्जिन नदीच्या संगमावर त्यांना मासे धरणारी माणसं भेटली. या माणसांना निरोप होता, की नदीतून फुटक्या नावांचे अवशेष वाहत येतात का ते बघा. अवशेषांऐवजी जिवंत माणसं आली.

वर गेलेले तिघे मात्र परत आले नाहीत. त्या भागातल्या शिव्विट लोकांनी त्यांना मारलं, असं पॉवेल यांना पुढच्या वर्षी सांगण्यात आलं. नेमकं काय घडलं यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत.

मुलं इथे नेहमी विचारतात, की ते तिघे भित्रे होते का? मी सांगते, नाही. उपाशी आणि थकलेल्या माणसांनी घेतलेला तो निर्णय होता. त्यांना भित्रं म्हणणं मला पटत नाही.

दुसरी सफर आणि सर्वात मोठा धडा

पॉवेल १८७१ मध्ये पुन्हा त्याच नदीवर गेले. या वेळी तयारी बघा. नावांना मध्यभागी आणखी एक बंद कप्पा. वाटेत ठरावीक ठिकाणी शिधा पोहोचवायची सोय. पॉवेल यांना उंचावरून पुढचं पाणी दिसावं म्हणून नावेवर चक्क खुर्ची बांधली. हिवाळ्यात प्रवास बंद ठेवला. पॉवेल यांचं फुगवायचं रबरी जीवरक्षक जॅकेट आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. त्याचा फोटो मी मुलांना दाखवते. नदीचा एवढा अनुभव असलेला माणूस जॅकेट घालायला लाजला नाही, मग आपण कोण?

१८७२ च्या ऑगस्टमध्ये ते ग्रँड कॅन्यनमध्ये उतरले तेव्हा नदी पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त चढलेली होती. सप्टेंबरच्या सुरुवातीला पॉवेल यांची नाव उलटली. पॉवेल आणि त्यांचे सोबती हिलर्स भोवऱ्यात ओढले गेले, कसेबसे वर आले. काही दिवसांनी ते कनाब ओढ्याच्या मुखाशी पोहोचले. दरी अजून जवळपास निम्मी बाकी होती. तिथे पॉवेल यांनी सगळ्यांना सांगितलं, की सफर इथेच संपली.

विचार करा. नावा होत्या, माणसं तयार होती, आणि हीच नदी त्यांनी एकदा जिंकलेली होती. लोक काय म्हणतील हा प्रश्नही असेलच. तरी पाणी बघून ते थांबले. पहिल्या सफरीनं त्यांना प्रसिद्धी दिली, पण मला विचाराल तर शिक्षक म्हणून ते मोठे ठरले ते या थांबण्यामुळे. या निर्णयानंतर सगळे जण जिवंत घरी गेले.

पुढचं आयुष्य

पुढे पॉवेल यांनी सफरीचं पुस्तक लिहिलं. त्यात दुसऱ्या सफरीतल्या काही घटना त्यांनी पहिल्या सफरीत घातल्या आणि दुसऱ्या वेळच्या सोबत्यांचं श्रेय दिलं नाही, हा त्यांच्यावरचा आक्षेप खरा आहे. मोठ्या माणसांचंही सगळंच बरोबर नसतं, हे मुलांना सांगायला हवं.

१८७८ मध्ये त्यांनी कोरड्या प्रदेशातल्या जमिनीवर अहवाल दिला. पश्चिमेकडे पाणी थोडं आहे, तेव्हा ते बघूनच वस्ती आणि शेती ठरवा, असं त्यांचं सांगणं होतं. तेव्हा ते फारसं कुणी मानलं नाही. १८८१ ते १८९४ ते अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे संचालक होते. मूळ रहिवाशांच्या भाषांचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेचेही ते पहिले संचालक. २३ सप्टेंबर १९०२ रोजी त्यांचं निधन झालं. कोलोरॅडो नदीवरच्या एका मोठ्या जलाशयाला आज त्यांचं नाव आहे, लेक पॉवेल.

आपल्या मुलांसाठी

आपल्याकडेही आता नदीवरची शिबिरं खूप झाली आहेत. कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग चालतं, ते भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यावर. म्हणजे पाऊस नसतानाही नदीचं पाणी वाढू शकतं, हे आधी मुलांना सांगा. मग पॉवेल यांच्या गोष्टीतून या गोष्टी काढून घ्या :

१. पाण्यात उतरण्याआधी काठावरून नदी बघा आणि गावातल्या माणसाला विचारा.
२. राफ्टिंग करताना लाईफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात आणि सगळे पट्टे बांधलेले हवेत. नुसतं अडकवलेलं जॅकेट कामाचं नाही.
३. एक प्रमुख, एक शिट्टी, एक खूण. ती निघण्याआधी सगळ्यांकडून करून घ्या.
४. औषधं, खाणं आणि फोन एकाच पिशवीत ठेवू नका.
५. कुणी पाण्यात अडकलं तर आधी ओरडून मोठ्यांना बोलवा, मग काठी किंवा दोर पुढे करा. उडी टाकू नका. वाहून गेलेल्या वस्तूमागे तर मुळीच जाऊ नका.
६. नदीकाठी दर थोड्या वेळानं मुलं मोजा.
७. पाणी गढूळ व्हायला लागलं, वाढायला लागलं किंवा मन धजत नसेल, तर कार्यक्रम रद्द करा. पैसे गेले तरी चालतील.

वर्गात एक छोटा उपक्रम घेता येईल. मैदानावर दोन दोऱ्या टाकून नदी करा, मुलांच्या चार नावा करा, पुढच्या नावेतल्या मुलाच्या हातात रुमाल द्या. खूण चुकली की काय होतं ते मुलांना खेळातच कळतं. आमच्या वर्गात पहिल्या वेळी चारपैकी तीन नावा बुडाल्या होत्या! तिसऱ्या खेळाला एकही बुडाली नाही.

तर आता कुणी मला विचारलं, की शिबिराला पाठवावं का, तर मी आधी उलट विचारते, की तिथे मुलांना थांबा असं कोण सांगणार आहे? त्या माणसाचं नाव पालकांना माहीत असेल, तर मग मी म्हणते, जरूर पाठवा.